लोकर, त्रिकोण आणि शून्य पूर्णांक आठ व्होल्ट

प्रयोगशाळेत धूळ आणि किस्से या दोन गोष्टी कुणी आणून टाकाव्या लागत नाहीत. त्या आपोआप साचतात. धूळ निदान शनिवारी झाडली जाते. किस्से मात्र झाडायला गेलो की अधिकच वर उठतात आणि डोळ्यांत जातात. गेवराईबाहेर, महामार्गाला लागून असलेल्या एका तंत्रनिकेतनात मी एकोणीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आहे. एकोणीस वर्षांचे किस्से सांगायचे तर तुम्हाला मुक्कामालाच यावे लागेल. म्हणून फक्त एका उन्हाळ्यातले आणि एकाच प्रकल्पाचे सांगतो.

प्रकल्प सुखदेवचा. मुलगा शिरूर कासारकडचा, घर मेंढपाळांचे. कातरलेली लोकर जराशी ओली असताना बांधून ठेवली तर ती गठ्ठ्याच्या पोटातून कुजत जाते आणि बाहेरून हात फिरवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सुखदेवला ही ओल ओळखणारे यंत्र करायचे होते. कल्पना सरळ होती. लोकरीच्या दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या लावायच्या, दहा व्होल्ट द्यायचे आणि आरपार किती प्रवाह जातो ते मोजायचे. ओली लोकर प्रवाह जास्त जाऊ देते, कोरडी कमी. अडचण एवढीच की हा 'जास्त' प्रवाहसुद्धा अँपिअरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास, म्हणजे नॅनोअँपिअरमध्ये असतो. आमच्या कपाटातल्या मीटरांच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो.

त्याच्यासाठी ऑप-ॲम्प नावाची चिप लागते. कागदावर तिची खूण म्हणजे एक आडवा त्रिकोण. दोन तारा आत जातात, एक अधिकच्या तोंडाला आणि एक उणेच्या; एक बाहेर येते. बारीकसा प्रवाह आत द्यावा आणि मोजता येईल असा व्होल्टेज बाहेर घ्यावा, इतकेच तिचे काम. आमच्याकडे नियम असा की प्रकल्प संगणकावर, सिम्युलेशनमध्ये चालवून दाखवायचा, परीक्षाही त्याच्यावरच.

सुखदेवची ही दुसरी खेप होती. मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या संभाजीनगरच्या एका कारखान्याने त्याला निवडून ठेवले होते, पण पदविका या उन्हाळ्यात हाती पडली तरच. नाही पडली तर ती जागा दुसऱ्याची. सगळे विषय सुटले होते. अडकला होता तो हा एक त्रिकोण.

\* \* \*

पहिल्या खेपेला तो नापास कसा झाला, ते आधी सांगितले पाहिजे.

तेव्हाही यंत्र हेच होते आणि तेव्हाही ते चालले नव्हते. अशा वेळी आमची मुले काय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ती अहवालाच्या शेवटी 'निष्कर्ष' या मथळ्याखाली दीड पान भरून टाकतात. प्रस्तुत प्रकल्पातून बहुमोल अनुभव मिळाला, भविष्यात सुधारणेस भरपूर वाव आहे, इत्यादी. वाचणाऱ्याला यंत्र चालले की नाही, याचा थांग लागत नाही आणि तो कंटाळून सही करतो.

सुखदेवच्या अहवालात त्या मथळ्याखाली एकच ओळ होती. 'वरील उपकरण चालत नाही.'

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि याच्यापुढे काही लिहायचे आहे का, असे त्याला विचारले. सुखदेव म्हणाला, "न्हाई सर. एवढंच झालं."

मी त्याचा मार्गदर्शक. नंतर मी त्याला बोलावून पुष्कळ समजावले. पण प्रामाणिकपणे सांगतो, वाक्य म्हणून त्यात मला काहीच दुरुस्त करता आले नाही. एकोणीस वर्षांत वाचलेला तो सर्वांत निर्दोष निष्कर्ष होता.

\* \* \*

यंदा त्याच्या जोडीला मनीषा आली. मनीषा गेवराईतलीच. सुखदेव तासाभरात जितके बोलेल तितके ती चप्पल काढता काढता बोलते. पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून सर्किट काढले, चालवले आणि मनीषा मला बोलवायला वर्गापर्यंत धावत आली.

पडद्यावर उत्तर होते, उणे दहा लाख व्होल्ट.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दहा लाखच. सुखदेव दोन पावले मागे सरकून उभा होता. म्हणजे आकड्यावर त्याचा विश्वास बसलेला दिसत होता. मनीषाला भीतीपेक्षा आनंद अधिक झाला होता. ती म्हणाली, "सर, ही चिप आपल्या डीपीला जोडू. अख्ख्या तालुक्याची लोडशेडिंग मिटंल."

दोष साधा होता. त्रिकोणातून बाहेर पडलेली तार एका रेझिस्टरमधून वळून पुन्हा आतल्या बाजूला यायला हवी. हा परतीचा रस्ता त्रिकोणाला आवरून धरतो. आमच्या आकृतीत त्या रस्त्याचे टोक खुणेपासून केसभर अलीकडे थांबले होते. डोळ्यांना जोडलेले दिसत होते, संगणकाला नाही. परतीचा रस्ताच नाही म्हटल्यावर त्रिकोण मोकाट सुटला. आणि संगणकातल्या आदर्श चिपला मर्यादाही नसते. खरी चिप पंधरा व्होल्टला दमून थांबली असती.

टोक जोडले. दहा लाखांचे शून्य पूर्णांक काहीतरी झाले. मनीषाचा चेहरा एकदम पडला.

\* \* \*

मग सर्किट नव्या फाइलीत पुन्हा काढले आणि आदर्श चिपऐवजी आमच्या कपाटात असलेल्या, पिढ्यान्पिढ्या शिकवल्या जाणाऱ्या जुन्या चिपचे प्रारूप घातले. तर संगणकाने काही मोजायलाच नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला की या सर्किटात ग्राउंड कुठेच जोडलेला नाही. म्हणजे शून्य व्होल्ट कशाला म्हणायचे, ते तुम्ही मला सांगितलेलेच नाही.

तेव्हा तिथे गंगाधरमामा होते. मामा आमचे प्रयोगशाळा सहायक. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण तो एक शब्द त्यांना पुरता ओळखीचा आहे. त्याला कारण आहे. आमच्याकडची जमीन अशी कोरडी की इमारतीच्या मागे आर्थिंगचा, म्हणजेच ग्राउंडचा, जो खड्डा आहे, त्यात रोज सकाळी बादलीभर पाणी ओतावे लागते. नाही ओतले तर दुपारपर्यंत टेबलांना हात लावला की झिणझिण्या येतात. मामांनी हा नेम कधीही मोडलेला नाही. त्या दिवशी मात्र नळाला पाणी नव्हते आणि मामा त्याच अस्वस्थतेत होते.

पडद्यावरचा शब्द पाहताच त्यांच्या तोंडावर, धरले एकदा, असा भाव आला. ते बादली घेऊन निघून गेले. उपाहारगृहातून पाणी मागून त्यांनी ते खड्ड्यात ओतले, वर मूठभर मीठ टाकले आणि हात पुसत परत आले.

तेवढ्या वेळात सुखदेवने आकृतीत ग्राउंडची खूण बसवली होती. मामा दारात उभे राहिले आणि सर्किट चालू झाले.

"बगा," मामा म्हणाले. "उगं वायरी धुंडाळत बसता."

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की संगणकातल्या सर्किटाचा बाहेरच्या खड्ड्याशी काही संबंध नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन बादल्या ओतू लागले.

\* \* \*

सर्किट चालू झाले खरे, पण खरा रोग त्यानंतर कळला.

सिम्युलेशनमध्ये लोकर म्हणजे एक मोठा रेझिस्टर. त्याचा आकडा वाढवला की लोकर वाळली, कमी केला की भिजली. सुखदेवने कोरडी लोकर घातली. बाहेर शून्य पूर्णांक आठ व्होल्ट. त्याने ती ओली केली. पुन्हा शून्य पूर्णांक आठच, तिसऱ्या दशांशस्थळी कुठेतरी किंचित हालचाल. मनीषाने लोकर जवळजवळ गोदावरीतून काढल्यासारखी चिंब केली, तेव्हा आकडा जेमतेम हलला.

तीन आठवडे हा आकडा आमच्या मानगुटीवर बसला होता. आम्ही तारा तपासल्या, रेझिस्टर बदलले, बॅटरी उलटी करून पाहिली. मी ग्रंथालयातून दोन जाडजूड पुस्तके आणली. त्यांत सर्व सर्किटे चालत होती.

परीक्षा जवळ आली तशी मनीषाने एक व्यवहारी तोडगा सुचवला. आकडे आपणच वहीत लिहावेत, आलेख सुबक काढावा आणि संगणकाला कशाला मध्ये आणावे, असे तिचे म्हणणे होते. परीक्षक काय लोकर घेऊन येणार आहेत?

सुखदेव पडद्याकडेच पाहत होता. वळलाही नाही. "मग औंदा काय लिवायचं? वरील उपकरण चालतं?"

मनीषाने वही मिटून ठेवली. तिने कुणाचे ऐकल्याचा प्रसंग मी त्या वर्षी एवढा एकच पाहिला.

\* \* \*

उन्हाळ्यात सुखदेवच्या घरची मेंढरे चाऱ्यासाठी गोदाकाठी येतात. शेतकरी त्यांना रात्रीपुरते आपल्या रानात बसवून घेतात; रानाला खत मिळते, मेंढरांना जागा. तर त्या सुमारास कळप गेवराईजवळ होता आणि एका दुपारी सुखदेवचे वडील खंडूआबा प्रयोगशाळेत आले. खांद्यावर घोंगडी, हातात लोकरीची लहानशी गाठोडी. पोराने लोकरीवर काहीतरी चालवले आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणून नमुना आणला होता.

मी त्यांना खुर्ची दिली. ते जमिनीवर बसू लागले, मामांनी हाताला धरून खुर्चीवर बसवले. सुखदेवने पडदा त्यांच्याकडे वळवला. हा त्रिकोण म्हणजे चिप, ही बॅटरी, आणि ही, तो जरा लाजत म्हणाला, आपली लोकर.

रेझिस्टरची खूण म्हणजे एक नागमोडी, दातेरी रेघ. खंडूआबांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ती बराच वेळ न्याहाळली. आम्ही सगळे वाट पाहत होतो.

"कुरळी तर हाय," ते म्हणाले.

मनीषाला हसू आवरेना. खंडूआबा तिच्याकडे वळून म्हणाले, "कावून हसती, बाई? पांढरी करा म्हनलो का मी?"

\* \* \*

त्याच दुपारी चहा झाल्यावर त्यांनी सुखदेवला विचारले की एवढे दिवस अडले आहे तरी कुठे. सुखदेवने आपल्या पद्धतीने, चार वाक्यांत सांगितले. कोरडी लोकर घातली तरी आकडा तोच, ओली घातली तरी तोच.

खंडूआबांना व्होल्ट ठाऊक नाहीत. पण 'आत घालणे' आणि 'मोजणे' या दोन क्रिया त्यांच्या रोजच्या. मेंढपाळ संध्याकाळी रानात वाघर लावतो. वाघर म्हणजे जाळीचे गोल कुंपण. तिचे तोंड अरुंद ठेवून मेंढरे एकेक आत सोडतो आणि मोजतो. खंडूआबांनी मुलाला एवढेच विचारले, "मोजायच्या आदी रिकामी वाघर बगितली का?"

सुखदेवला कळले नाही. मलाही नाही. तेव्हा ते मला उद्देशून समजावू लागले. मुलाला हे पुन्हा सांगावे लागते आहे, याची त्यांना लाजच वाटत असावी. "गुरुजी, वाघर लावली की पैलं आत नजर टाकावी लागती. एकांदं दुसऱ्याचं मेंढरू आदीच आत शिरून बसलेलं असतंय. ते बगितलं न्हाई तर तुमी रातभर मोजा, मोज चुकनारच. आत काय हाय ते कळल्याबिगर भायेरचं मोजून काय करता?"

सुखदेव उठला. त्याने पडद्यावरची लोकर निवडली आणि खोडून टाकली. आता आत जाणारा प्रवाह शून्य. बाहेर काहीच यायला नको.

शून्य पूर्णांक आठ व्होल्ट.

मी डोळे मिटून घेतले. लोकर मुळी नव्हतीच, तरी आकडा तोच होता. म्हणजे तीन आठवडे आम्ही लोकर मोजतच नव्हतो. त्या जुन्या चिपला स्वतःच्या पोटासाठी थोडासा प्रवाह लागतो, ऐंशी नॅनोअँपिअर. एरवी तो कुणी विचारातही घेत नाही. पण आमच्या लोकरीचा प्रवाह एका नॅनोअँपिअरच्या आसपास! तिच्या खाण्यापुढे आमची लोकर कुठे दिसणार? आणि हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो, स्वतःच्या हाताने, चौकटीत लिहून.

अतिशय कमी खाणारी दुसऱ्या जातीची चिप असते. तिचे प्रारूप घातले. लोकर नसताना शून्य. कोरडी घातली, थोडेसे. ओली घातली, पुष्कळ. सुखदेवने ते सात-आठ वेळा करून पाहिले. प्रत्येक वेळी वाघर रिकामी करूनच.

खंडूआबा मात्र या गडबडीत निघून गेले होते. मेंढरांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. लोकरीची गाठोडी टेबलावर तशीच होती.

\* \* \*

चालू लागल्यावर माणसाची हाव वाढते. अगदी उन्हात वाळवलेली, खडखडीत लोकर घातली तर काय होईल, हे पाहायचे ठरले. तिथे पुन्हा आकडे डळमळू लागले. कधी आहे, कधी नाही.

शोधता शोधता सुखदेवला संगणकाच्या मांडणीत एक ओळ सापडली. त्या प्रणालीने स्वतःपुरती एक मर्यादा ठरवून घेतली होती. एका ठरावीक प्रमाणाखालचा प्रवाह इकडेतिकडे झाला तरी चालेल, त्यासाठी आपण थांबायचे नाही. आमच्या वाळक्या लोकरीचा प्रवाह नेमका त्या प्रमाणाखाली येत होता.

मनीषाने ती ओळ वाचली आणि मान हलवली. "कंप्युटर बी हापिसातलाच निघाला, सर. बारक्यांकडं बगतच न्हाई."

सुखदेवने ती मर्यादा हजारपट कमी केली. संगणकाला मग उत्तर द्यायला चांगलाच वेळ लागू लागला. पण बारक्यांची दखल घेतली जाऊ लागली.

\* \* \*

आता भीती एकाच गोष्टीची होती. सुखदेवचे बोलणे. प्रश्न विचारला की तो आधी प्रश्नाकडे पाहतो, मग विचारणाऱ्याकडे, मग जमिनीकडे, आणि तेवढ्यात परीक्षक पुढचा प्रश्न विचारून मोकळे होतात. शिवाय परीक्षक तेच येणार होते, गेल्या वर्षीचे.

मनीषाने सरावाची जबाबदारी घेतली. ती परीक्षक होऊन इतक्या वेगाने प्रश्न फेकी की सुखदेवचे पहिले उत्तर तिच्या चौथ्या प्रश्नाला लागे. शेवटी कंटाळून तिने मामांना परीक्षकांच्या खुर्चीत बसवले आणि त्यांना काय वाटेल ते विचारायला सांगितले.

मामांनी टोपी नीट केली. टेबलावरचा पेन खिशाला लावला. मग सुखदेवकडे बराच वेळ रोखून पाहून विचारले, "हे बिगडलं तर दुरुस्त कोन करनार बे?"

"मी," सुखदेव म्हणाला. या वेळी अजिबात वेळ लागला नाही.

"पास," मामा म्हणाले आणि उठून बादली भरायला गेले.

\* \* \*

आता शेवटचा.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सुखदेवने सर्किटाची फाइल माझ्या स्वाधीन केली. एकदा नजरेखालून घाला, म्हणाला. सगळे गेल्यावर मी ती उघडली. सर्किट उत्तम होते. एकच गोष्ट मला खटकली. त्रिकोणात शिरणाऱ्या दोन तारा शिरण्याआधी एकमेकींना ओलांडून जात होत्या. आकृतीत उगाच फुली पडलेली मला खपत नाही. शुद्ध लिहिलेल्या पानावर खाडाखोड असावी, तसे ते दिसते. मी दोन्ही तारा सोडवल्या आणि सरळ, समांतर जोडल्या. चालवून पाहिले. उत्तर अचूक आले, शेवटच्या अंकापर्यंत. आकृती आता पुस्तकात छापण्याजोगी दिसत होती. मी समाधानाने घरी गेलो.

सकाळी परीक्षक आले. उंच, शांत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मनीषाला दहा मिनिटांत मोकळे केले. म्हणजे तिनेच त्यांना केले. मग सुखदेवकडे पाहून म्हणाले, "गेल्या वर्षी आपण भेटलो होतो."

"हो सर."

"या वर्षी चालते?"

"चालतं सर."

त्यांनी प्रश्न विचारलेच नाहीत. सुखदेवला बाहेर थांबायला सांगितले. मग माझ्यासमोर संगणकाशी बसून त्यांनी सर्किटात दोन दोष पेरले. परतीच्या रस्त्यावरच्या रेझिस्टरच्या आकड्यातली तीन शून्ये काढून टाकली आणि चिपला मिळणाऱ्या उणे बाजूच्या सप्लायची तार तोडली. त्यानंतर सुखदेवला आत बोलावले. दोष शोधायचे, किती ते सांगणार नाही, दहा मिनिटे आहेत. सापडले तर उत्तीर्ण. नाही तर गेल्या वर्षीप्रमाणे.

सुखदेव खुर्चीत बसला आणि त्याने हात मांडीवर ठेवले. माउसला हातच लावला नाही. दोन मिनिटे गेली. चार गेली. परीक्षक म्हणाले की चालवून पाहिले तरी हरकत नाही. तो म्हणाला, "आदी नुसतं बगू द्या, सर."

सहावे मिनिट संपले. मला त्या कारखान्यातली एक रिकामी खुर्ची दिसू लागली आणि तिच्यावर दुसराच कुणी येऊन बसतो आहे असे वाटू लागले. दाराबाहेर मनीषा मामांच्या कानात काही पुटपुटत होती.

सातव्या मिनिटाला सुखदेव म्हणाला, "तीन हायेत, सर."

त्याने रेझिस्टर दाखवला. परीक्षकांनी मान हलवली. त्याने सप्लायची तुटलेली तार दाखवली. परीक्षकांनी पुन्हा मान हलवली आणि पेन उचलला. मग सुखदेवने त्रिकोणाच्या तोंडाशी बोट नेले. "आन् ह्या दोन तारा आदलाबदल झाल्यात. ह्यांची फुली पायजे होती."

परीक्षकांनी पेन खाली ठेवला. पहिले दोन दोष स्वतः दुरुस्त करून त्यांनी सर्किट चालवले. उत्तर अचूक आले. ते म्हणाले की तारा अदलाबदल झाल्या असत्या तर हे उत्तर आले नसते.

"कंप्युटरवर येतंय सर," सुखदेव म्हणाला. "त्यो समतोल कुठं हाय तेवढं गणितानं काढून दावतो. पर खऱ्या तारेवर जोडलं तर ते क्षणभर बी टिकनार न्हाई. परतीचा रस्ता आवरायच्या ऐवजी ढकलायला लागंल. आउटपुट एका अंगाला जाऊन बसंल, लोकर वली असू द्या न्हाई तर वाळकी."

परीक्षकांनी कोरा कागद ओढला. आकृती काढली, चिन्हे मांडली, एकदा खोडून पुन्हा मांडली. मग कागद बाजूला सारला आणि गुणपत्रिकेत आकडा लिहिला. मी उभा होतो तिथून तो उलटा दिसत होता. तरी उत्तीर्ण व्हायला लागतो त्याच्यापेक्षा तो बराच मोठा आहे, हे मला वाचता आले. सही केली, पेनाचे टोपण लावले, सुखदेवचा हात हातात घेतला.

आणि मग, तो हात तसाच धरून, त्यांनी विचारले, "पण मी दोषच दोन केले होते. हा तिसरा कुणाचा?"

सुखदेवने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहत होतो.

"घरचाच हाय, सर," तो म्हणाला.